कारंज्याच्या बाजारातली एक सकाळ, सहा मिनिटांत

कारंजा लाडमधल्या कॉलेजच्या मुलांनी माहितीपट करायचं ठरवलं की विषयांची यादी चहा संपायच्या आत तयार होते. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेलं गुरुमंदिर, जैनांची जुनी मंदिरं आणि काष्ठासंघ मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस, ऋषी तलाव, सोहोळचं काळवीट अभयारण्य, मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची बंद पडलेली शकुंतला रेल्वे आणि आता समृद्धी महामार्ग. मग कुणीतरी म्हणतं, सगळंच घेऊ, 'आपलं कारंजा' असं नाव देऊ. विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प या एका वाक्यावर फसतात. कॅमेरा साधा होता किंवा संगणक जुना होता, हे कारण फार क्वचित असतं.

असा माहितीपट पाहताना काय होतं ते आठवा. वेशीचं दृश्य, मंदिराचं दृश्य, तलावाचं दृश्य आणि वर गंभीर आवाजात वाचलेली माहिती. आवाज बंद केला तर चित्रातून काहीच कळत नाही, आणि चित्र झाकलं तरी काही बिघडत नाही. संपादनाला बसणाऱ्याचे तर हालच. वेशीनंतर तलाव का आणि तलावानंतर अभयारण्यच का, याचं उत्तर चित्रणात कुठेच नसतं. दृश्यं उलटीसुलटी लावली तरी फरक पडत नाही, म्हणून तो पाच-पाच सेकंदांना कापत जातो, मध्ये पानं उलटल्यासारखे इफेक्ट घालतो आणि खाली बासरी लावतो.

यादीतली एकच गोष्ट ठेवा, आणि तीही स्थळ म्हणून नको. तुमच्या डोळ्यांसमोर सुरू होऊन तुमच्या डोळ्यांसमोर संपेल असं एखादं काम शोधा. हा मार्ग आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांइतका जुना आहे. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे लावायला कुणी सहजी तयार नव्हतं. फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. त्यांनी मातीत वाटाण्याचा दाणा लावला, त्याची एकेक चौकट दिवसांमागून दिवस टिपली आणि पडद्यावर त्या दाण्याचं रोप होताना दाखवलं. विषय मुठीत मावणारा होता आणि त्याला सुरुवात, मध्य, शेवट आपोआप मिळालेला होता. पाहणाऱ्यांना चलच्चित्राची ताकद त्यातून कळली आणि पुढे ३ मे १९१३ ला कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हाही अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केलेला लघुपट, आणि त्यात शाळेत जावंसं वाटणारा एक मुलगा आहे, एवढंच. त्याला पहिल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कारंज्यात असं काम शोधायला फार फिरावं लागत नाही. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक १८८६ पासून सुरुवात करतात, आणि ते साल कारंज्याच्या कापूस बाजाराचं आहे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं तो नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. ही माहिती फिल्मच्या शेवटी पाटीवर दोन ओळींत द्यायची. फिल्म मात्र आजच्या बाजार समितीच्या आवारातल्या एका सकाळची करायची. आपण तीच उदाहरणादाखल घेऊ. सोयाबीनचा हंगाम, एक शेतकरी, एक ढीग.

पहिल्या दिवशी मोबाइल खिशातून काढूच नका. वही घेऊन जा आणि नुसतं बघा. गाडी आत येते, नोंद होते, माल खाली होतो, ढीग पडतो. व्यापारी आणि अडते घोळक्यानं येतात, हर्रास म्हणजे लिलाव सुरू होतो, भाव पुकारला जातो आणि चिठ्ठीवर लिहिला जातो. मग पोती भरणं, काटा, वजनाची काटापट्टी आणि शेवटी चुकारा, म्हणजे मालाचे पैसे. प्रत्येक टप्प्याला साधारण किती वेळ लागतो, कोण कुठे उभं राहतं, ऊन कुठल्या बाजूनं येतं आणि लाउडस्पीकर कुठे आहे, हे वहीत लिहा. हर्रास एका ढिगावर जेमतेम मिनिटभर टिकतो, हे आधी माहीत नसेल तर तुम्ही मोबाइलचं कुलूप उघडेपर्यंत घोळका पुढच्या ढिगावर गेलेला असतो.

परवानगीही त्याच दिवशी. समितीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, त्यावर कॉलेजचं पत्र जोडा. शेतकऱ्याशी, अडत्याशी आणि हमालांशी वेगळं बोला. भाव आणि चुकाऱ्याची रक्कम हा शेतकऱ्याचा घरचा हिशेब असतो, तो पडद्यावर दिसलेला चालेल का हे त्यालाच विचारा आणि नाही म्हणाला तर तो विषय तिथेच सोडा. तुम्ही दुसरा विषय निवडलात तरी हे टळत नाही. मंदिरात विश्वस्तांची, सोहोळच्या अभयारण्यात वनविभागाची आणि रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची परवानगी लागते. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, चांगल्या दृश्यासाठी त्याच्या मागे धावणं हा गुन्हाच आहे. लहान मुलं चित्रात येणार असतील तर पालकांची सही घ्या.

घरी आल्यावर वहीच्या एका पानावर फिल्म लिहून काढा. डाव्या बाजूला काय दिसेल, उजव्या बाजूला काय ऐकू येईल. बऱ्याच गटांत हे पान दिग्दर्शक लिहितो आणि 'एडिटिंगवाला' मित्र शेवटच्या रात्री येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हे पान संपादन करणाऱ्यानं लिहावं, आणि चित्रीकरणाच्या दिवशी त्यानं आवारात हजर राहावं. दोन दृश्यांच्या मधला दुवा राहिला आहे हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं. गाडी फाटकातून आत आली आणि पुढच्या दृश्यात ढीग तयार आहे. मधे पोत्याची शिवण उसवणारा हात हवा होता, फाळका उघडल्याचा आवाज हवा होता. हे आवारात लक्षात आलं तर दोन मिनिटांत मिळतं. रात्री अकराला संगणकासमोर लक्षात आलं तर त्याला इलाज नाही.

शिक्षकांनी गुण द्यायचे तर या पानालाही द्यावेत.

आता प्रत्यक्ष चित्रण. सगळ्यांचे मोबाइल आडवे आणि एकाच मापावर लावा. फुल एचडी पुरे. सेकंदाला २५ चौकटी निवडता येत असतील तर २५, नाहीतर सगळ्यांनी ३० वर राहायचं. एक २५ वर आणि दुसरा ६० वर असं नको. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. अडत्याच्या गाळ्यात ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकू लागले तर शटर १/५० किंवा १/१०० वर नेलं की ते थांबतात. फोरकेचा मोह टाळा. फुल एचडीचं तासाभराचं चित्रण साधारण सात-आठ जीबीत बसतं, फोरके त्याच्या तिप्पट जागा खातं आणि घरचा संगणक त्याखाली दमतो. सहा मिनिटांच्या फिल्मला तासाभराचं चित्रण पुष्कळ झालं.

प्रत्येक दृश्य सुरू केल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर मोबाइल हलवू नका. झूम बोटांनी करायचा नाही, पायांनी पुढे जायचं. शेडखाली उभ्या माणसाच्या मागे उन्हातलं आवार असेल तर चेहरा काळा पडतो. त्याला नुसतं अर्धवर्तुळ फिरवा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल. कापसाच्या हंगामात जाल तर पांढरा ढीग चित्रात जळून जातो, त्याचा एक धागाही दिसत नाही. पडद्यावर कापसावर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश तिथे कुलूपबंद करा आणि उजेड थोडा खाली ओढा.

एकाच क्रियेची तीन-चार अंगं टिपण्याची सवय लावून घ्या. व्यापारी ढिगात हात खुपसतो, मूठभर दाणे वर काढतो, तळहातावर पसरतो, एखादा दाणा दाताखाली धरतो. ओलावा किती, डाग किती, माती किती, याचा अंदाज त्या काही सेकंदांत होतो आणि भाव त्याच्यावर ठरतो. सरकारी हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. इथे तो हिशेब आधी बोटं करतात. तर एक दृश्य हाताचं, अगदी जवळून. एक व्यापाऱ्याच्या चेहऱ्याचं. एक लांबून, ज्यात पूर्ण घोळका दिसेल. आणि एक शेतकऱ्याच्या खांद्यावरून. ही चारही मिळाली तर संपादनात ती क्रिया दहा सेकंदांतही बसते आणि चाळीस सेकंदांतही.

हर्रासाला दोन मोबाइल लावा, एक बोलीवर आणि एक शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर. भाव पुकारला गेला त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते एकदाच घडतं. आणि हा क्षण हुकला तर एक मोह होतो, त्याबद्दल इथेच सांगतो. बोली दुसऱ्या ढिगाची आणि चेहरा या शेतकऱ्याचा, असं जोडलं तर पाहणाऱ्याला कळत नाही. पण मग आपण एका खऱ्या माणसाला त्यानं न ऐकलेला भाव ऐकवला, आणि त्याचा आनंद किंवा निराशा आपण ठरवली. कात्री ही ताकद देते म्हणूनच ती जपून वापरायची. पोती भरतानाचे हात दुसऱ्या ढिगावरचे घेतले तर माझी हरकत नाही. भाव, चेहरा आणि शब्द मात्र ज्याचे त्याचेच असले पाहिजेत.

आवाजाकडे विद्यार्थ्यांचं सगळ्यात कमी लक्ष असतं आणि त्यांच्या फिल्मा सगळ्यात जास्त तिथेच पडतात. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, पण न कळणारं बोलणं कुणी अर्धा मिनिटही ऐकत नाही. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला पदविकेचा लघुपट जरूर पाहा. घरात आलेली पिठाची गिरणी आणि तिच्या आवाजानं गांजलेला मुलगा अशी ती गोष्ट आहे, आणि तिथे आवाज हेच पात्र आहे. बाजाराच्या आवारातही तसंच आहे. पुकारा, पोत्यात पडणाऱ्या दाण्यांची सळसळ, हातगाडीचं चाक, काट्याचा खणखणाट. हे सगळे आवाज मोबाइल जवळ नेऊन वेगवेगळे टिपा, चित्राचा विचार न करता. एका जागी सगळ्यांनी गप्प उभं राहून नुसत्या आवाराचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मुलाखतीतलं एखादं वाक्य कापलं की तिथे जी भयाण शांतता पडते, ती याच आवाजानं भरून निघते.

मुलाखतीला दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून वापरा. वायरवाला कॉलर माइक त्याला जोडा, माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, गळ्यातला दुपट्टा त्याच्यावर घासणार नाही असा बाजूला घ्या, वाऱ्यासाठी स्पंजची टोपी घाला आणि फोन विमान मोडवर टाका. दोन्ही मोबाइल सुरू झाले की चित्रात दिसेल अशी एक टाळी वाजवा. संपादनात ती टाळी जुळली की ओठ आणि शब्द जुळतात. तरी लांब मुलाखतीत शेवटी शब्द पुढेमागे होतात. मोबाइल चौकटींचा वेग मधेच कमीजास्त करतो म्हणून हे होतं. संपादनाआधी ती फाइल हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ठरावीक वेगाची करून घेतली की प्रश्न सुटतो. आणि रेकॉर्ड करताना आवाजाची पट्टी लाल टोकाला लागू देऊ नका. कमी आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

मुलाखत काम संपल्यावर घ्या, हर्रासाच्या घाईत नको. 'तुम्हाला कसं वाटलं?' याला 'बरं वाटलं' एवढंच उत्तर येतं. 'रात्री किती वाजता निघालात?', 'गाडीभाडं किती पडलं?', 'मागच्या हप्त्यात आणला असता तर?' असं विचारा. तुमचा प्रश्न फिल्ममध्ये राहणार नाही, म्हणून त्यांना पूर्ण वाक्यात सांगायची विनंती करा. त्यांची वऱ्हाडी आहे तशी राहू द्या. कॅमेरा पाहून माणूस पुस्तकी बोलू लागला तर थोडा वेळ मोबाइल खाली ठेवा आणि पिकापाण्याचं बोला. दोन मिनिटांत 'काय सांगू बाप्पा' सुरू होतं, तेव्हा पुन्हा सुरू करा, त्यांना सांगून.

त्याच संध्याकाळी सगळ्या फाइली एका जागी घ्या. मोबाइलमधली प्रत तशीच ठेवून एक संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. तिन्ही जागी फाइली उघडून पाहिल्याशिवाय मोबाइल रिकामा करायचा नाही. फाइलींना नावं द्या: '०१_फाटक', '०२_ढीग_हात', '०३_हर्रास_चेहरा'. वहीत प्रत्येकीपुढे चांगला भाग कितव्या सेकंदाला आहे ते लिहा. कंटाळवाणं काम आहे. पण या दीड-दोन तासांनी पुढचे कितीतरी तास वाचतात.

सॉफ्टवेअरबद्दल मुलं फार विचारतात, म्हणून थोडक्यात. संगणक दणकट असेल, १६ जीबी रॅम असेल, तर दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम. साध्या संगणकावर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चालतं. मोबाइलवरच करायचं तर काइनमास्टर आहे. संगणक अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रती करून त्यांच्यावर संपादन करा; अंतिम फाइल मूळ चित्रणातूनच निघते.

खरं संपादन मात्र सॉफ्टवेअर उघडण्याआधी होतं. मुलाखत ऐकून ती शब्दशः वहीत उतरवा. मग प्रत्येक मुद्द्याची एक आणि प्रत्येक दृश्याची एक अशा कागदाच्या चिठ्ठ्या करा, सतरंजीवर मांडा आणि गटानं बसून त्यांचा क्रम लावा. भांडणं इथे होऊ द्या; चिठ्ठी हलवायला सेकंद लागतो, टाइमलाइन बदलायला अर्धा दिवस. क्रम ठरला की पहिला कच्चा जोड करा, इफेक्ट नाही, संगीत नाही, नावं नाहीत. तो दहा-बारा मिनिटांचा होईल. मग प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: हा काढला तर पुढचं कळतं का? कळत असेल तर तो काढा, मग तो पहाटे थंडीत उभं राहून घेतलेला का असेना.

एक युक्ती नवख्या फिल्मचा चेहरा बदलून टाकते. चित्र आणि आवाज एकाच जागी कापू नका. शेतकऱ्याचा चेहरा पडद्यावर असतानाच पुढच्या दृश्यातला काट्याचा आवाज एक-दोन सेकंद आधी येऊ द्या, मग काटा दाखवा. तसंच, त्याचं बोलणं सुरू झालं की दोन वाक्यांनंतर चित्रात पोती भरणारे हात आणा आणि बोलणं खाली चालू ठेवा. तुकडे जोडल्याचं जाणवेनासं होतं आणि मुलाखतीत कापलेल्या जागाही झाकल्या जातात.

तयार झालेला जोड एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा डोळे मिटून ऐका. पहिल्या वेळी काय चाललंय ते कळलं पाहिजे, दुसऱ्या वेळी प्रत्येक शब्द. मग बाजारात कधीही न गेलेल्या एखाद्याला दाखवा आणि मधे काहीही समजावू नका. त्यानं 'हे पैसे कधी मिळाले?' असं विचारलं तर चुकाऱ्याचं दृश्य तोकडं पडलं आहे.

संगीताचा प्रश्न शेवटी येतो, तो शेवटीच यावा. सिनेमातलं गाणं उचलून लावू नका. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यानं प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि फिल्म इंटरनेटवर टाकली की तो आवाज आपोआप ओळखला जातो. गावातल्या भजनी मंडळातला कुणी पेटी वाजवत असेल तर त्याच्या परवानगीनं दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव द्या. खरं तर या फिल्मला संगीत लागू नये. आवाराचे आवाज नीट टिपले असतील तर हर्रासावर बासरी लावायची गरज कुणाला वाटणार नाही.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी फिल्म पूर्ण झालेली असू द्या. शेवटची फाइल बाहेर काढायला जुन्या संगणकाला तासही लागतो आणि मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती फाइल ज्या प्रोजेक्टरवर दाखवायची तिथे नेऊन आधी चालवून पाहा, विशेषतः आवाज. सभागृहातले स्पीकर घरच्या हेडफोनसारखे नसतात, खर्जातलं बोलणं तिथे घुमतं.

कॉलेजात दाखवून झाली की फिल्म बाजार समितीतही दाखवा, हंगाम ओसरल्यावर, हमालांना सवड असेल अशा वेळी. शेतकऱ्याला त्याची प्रत द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे चित्र दाबलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. त्याच्याकडे साधा फोन असेल तर पेनड्राइव्ह द्या आणि घरच्या टीव्हीला तो लावून, चालतोय हे पाहूनच परत या.